दाद देणारे आणि ‘वॉव’ होणारे

‘वॉव’ हा इंग्रजी उद्गार आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तो सकर्मक क्रियापद म्हणूनही वापरला जातो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘तिने प्रेक्षकांना वॉव केले’ अशा अर्थाचे वाक्य इंग्रजी वृत्तपत्रांत सहज छापले जाते, आणि त्या वाक्यात गायिका कर्ता असते, प्रेक्षक कर्म असतात. गंमत अशी की ‘वॉव’ हा शब्द मुळात प्रेक्षकाच्या तोंडचा. त्याच्याच तोंडून निघालेला उद्गार उचलून त्याच्यावरच चालवायचे क्रियापद अमेरिकन रंगमंचाने तयार केले, आणि बोलता बोलता बोलणारा माणूस वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. इंग्रजी शब्द मराठीत येतात याबद्दल माझी तक्रार नाही. टेबल आणि पेन्सिल पचवलेली भाषा ‘वॉव’ही पचवील. माझी तक्रार त्या शब्दाबरोबर येणाऱ्या व्याकरणाविषयी आहे, आणि तेच व्याकरण आपल्या दूरचित्रवाणीच्या मंचांवर, जाहिरातींत आणि कलेविषयीच्या आपल्या बोलण्यात हळूहळू मुरत चालले आहे.

हा उद्गार चांगलाच जुना आहे. गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीने व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट्स भाषेत केलेले भाषांतर १५१३ साली पूर्ण झाले, त्यात तो सापडतो. पुढे सुमारे चारशे वर्षे तो उद्गारच राहिला. मराठीत जसे कोणी कोणाला ‘अबब’ करत नाही, तसे इंग्रजीतही कोणी कोणाला ‘वॉव’ करत नव्हते. मग अमेरिकेत १९२०च्या सुमारास तुफान यशस्वी झालेल्या प्रयोगाला किंवा कलावंताला ‘वॉव’ म्हणू लागले, म्हणजे उद्गाराचे नाम झाले. आणि १९२४ साली त्याच शब्दाचा क्रियापद म्हणून वापर नोंदलेला आढळतो. चार शतकांत जे झाले नाही ते चार वर्षांत झाले. अशा वेळी कारण शब्दाच्या पोटात शोधून उपयोग नसतो, तो शब्द वापरणाऱ्यांच्या धंद्यात ते शोधावे लागते.

तो धंदा व्होडव्हिलचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची चाळीसेक वर्षे अमेरिकेच्या शहराशहरांत चाललेला हा करमणुकीचा प्रकार म्हणजे एका तिकिटात आठ-नऊ निरनिराळे खेळ. कसरत, जादू, नाच, गाणे, दोन विनोदवीरांची जुगलबंदी, शिकवलेले कुत्रे, एखादा छोटा नाट्यप्रवेश. प्रत्येकाला दहा ते वीस मिनिटे. पहिला खेळ बहुधा कसरतपटूंचा किंवा प्राण्यांचा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असत आणि त्या गडबडीत शब्द ऐकू येणार नसत. खरा मानकरी शेवटून दुसरा. आज या गावी तर पुढच्या आठवड्यात भलत्याच गावी, समोर कायम अनोळखी गर्दी. बी. एफ. कीथ यांच्या नाट्यगृहांच्या साखळीत तर सोमवारचा पहिला खेळ झाला की प्रत्येक नाट्यगृहाचा व्यवस्थापक मुख्य कचेरीला लेखी अहवाल पाठवीत असे, की अमुक जोडीला हशा मिळाला, तमुक गाणे थंड गेले, हा विनोद गाळायला सांगितला आहे. यांतले बरेच अहवाल आयोवा विद्यापीठात आजही जपलेले आहेत. कलावंताचे पुढच्या हंगामातले पोट त्या चार ओळींवर अवलंबून. ज्याच्या कलेचा निकाल बारा मिनिटांत लागतो आणि सोमवारी दुपारीच लागतो, त्याच्या बोलीत ‘लोकांना आवडले’ असे सौम्य क्रियापद टिकणे कठीण होते.

ही बोली छापील झाली ती सायम सिल्व्हरमन यांच्या ‘व्हरायटी’ या साप्ताहिकामुळे. प्रतिकूल परीक्षण लिहिल्यामुळे आधीची नोकरी गमावलेल्या या गृहस्थांनी १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये ते सुरू केले आणि नाटकवाल्यांची भाषा नाटकवाल्यांसाठीच छापली. उत्तम चाललेल्या खेळासाठी ‘बॉफो’, ‘सॉको’ असे ठोसे मारल्यासारखे शब्द या पत्राने रूढ केले. पडलेल्या खेळासाठी ‘अंडे घालणे’ असा वाक्प्रचार होता, आणि शेअर बाजार कोसळल्यावर ३० ऑक्टोबर १९२९ रोजी याच पत्राने ‘वॉल स्ट्रीटने अंडे घातले’ असा मथळा दिला. देशाच्या अर्थव्यवस्थेची वाताहत एका पडलेल्या प्रयोगाच्या भाषेत सांगण्याचा तो आगाऊपणा मला आजही आवडतो. जगाचा अंत झाला असता तरी या मंडळींनी तो खेळ कसा गेला एवढेच विचारले असते.

‘वॉव’ची सोबतची क्रियापदे पाहिली की अंगावर काटा येतो. चांगला प्रयोग करणे म्हणजे प्रेक्षकांना ‘किल’ करणे, ‘स्ले’ करणे, ‘नॉक’ करणे, ‘पॅनिक’ करणे, हसवून हसवून खुर्च्यांमधल्या वाटेत आडवे पाडणे, सगळे ‘घर’, म्हणजे नाट्यगृह, खाली आणणे. लंडनच्या म्युझिक हॉलमध्येही १८९१ च्या सुमारास अल्बर्ट शेव्हॅलिए यांचे एक गाणे गाजत होते, त्यात ‘नॉक’ हेच क्रियापद लोकांना थक्क करून सोडण्याच्या अर्थाने आलेले आहे. म्हणजे हा केवळ अमेरिकेचा दोष नव्हे. अपयशाची क्रियापदे याच घराण्यातली, फक्त मरणारा बदलतो: ज्याला हशा मिळाला नाही तो विनोदवीर ‘मरतो’. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर हे घराणे सारखे वागत नाही, हेही मजेचे आहे. अमेरिकेत प्रयोगाचा ‘बॉम्ब’ झाला म्हणजे तो साफ पडला. ब्रिटनमध्ये प्रयोग ‘बॉम्बसारखा’ गेला म्हणजे फारच रंगला.

इतकी मारामारी कशासाठी? कलावंतांच्या अहंकाराकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. मला कारण थोडे वेगळे दिसते. त्या काळचा अमेरिकन प्रेक्षक स्वतः मुळीच गरीब गाय नव्हता. १० मे १८४९ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेस येथे शेक्सपिअरच्या भूमिका करणाऱ्या दोन नटांच्या चाहत्यांच्या वैरातून दंगल उसळली, सैन्याने गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मेली. पुढे न्यूयॉर्कच्याच बाउरी भागातल्या हौशी कलावंतांच्या रात्री नावडत्या उमेदवाराला लांब काठीच्या आकड्याने ओढून विंगेत नेत, आणि ‘आकडा आणा’ ही आरोळी प्रेक्षकांतून येई. हार्लेममधील अपोलो थिएटरमध्ये १९३४ साली सुरू झालेल्या हौशी रात्रीत लोकांनी नापसंत केलेल्याला झाडूने मंचाबाहेर घालवणारा जो माणूस असे, त्याला चक्क ‘जल्लाद’ म्हणत. त्याच वर्षी त्या मंचावर पुढे जाझगायिका म्हणून गाजलेली सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड नाचायला म्हणून आली. आधीच्या नर्तकींचा खेळ पाहून तिचा धीर सुटला आणि तिने आयत्या वेळी गाणे म्हटले. जल्लाद विंगेत उभा असताना गाणाऱ्याने आपल्या यशाला ‘मारले’ म्हणावे यात नवल नाही. ती क्रियापदे पिटातून आलेल्या हिंसेला मंचावरून दिलेली उलट उत्तरे होती. म्हणून त्या कलावंतांवर राग धरण्याची माझी तयारी नाही.

‘स्ले’ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आज आपल्याकडच्या महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी तेच अधिक आहे. या क्रियापदाचा जुना अर्थ प्रहार करणे. जर्मनमधला ‘श्लागेन’ हा त्याचा सख्खा भाऊ. हसवून लोळवणे हा अर्थ व्होडव्हिलच्या काळातही होता, पण झगमगीत, आत्मविश्वासाने वावरणे हा आजचा अर्थ न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व तृतीयपंथी मंडळींच्या ‘बॉल’ नावाच्या नाच-पोशाखाच्या स्पर्धांत वाढला, आणि बियॉन्से हिने २०१६ साली गाण्यात वापरल्यावर तो सर्वतोमुखी झाला. ज्यांना रस्त्यावर रोज अपमान सोसावा लागे, त्यांनी एका रात्रीपुरते विजेते होण्यासाठी कमावलेला शब्द आज लिपस्टिकच्या जाहिरातीत फुकट वापरला जातो, ही गोष्ट विसरू नये एवढेच म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र या नव्या ‘स्ले’ने मोठी मजा केली आहे. एक तर त्याने जुना अनियमित भूतकाळ टाकून स्वतःचा नियमित भूतकाळ बनवला. दुसरे म्हणजे त्याने कर्म सोडून दिले: ‘तू स्ले केलेस’ म्हणताना कोणाला, हे कोणी विचारत नाही. बळी उरला नाही, नुसता थाट उरला.

या सगळ्या रक्तपातात ‘वॉव’ एकटाच निर्मळ आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यात ठोसा नाही, सुरी नाही. शिवाय आपल्या ‘हसवणे’, ‘रडवणे’, ‘रिझवणे’ या प्रयोजक क्रियापदांसारखी त्याची घडण आहे. हसवणाऱ्याने काहीही केले तरी हसायचे समोरच्यालाच असते. ‘वॉव’ करणाऱ्यालाही समोरच्याच्या तोंडून ‘वॉव’ निघाल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रेक्षकाचा आवाज ज्याच्या पोटात शिल्लक आहे असे त्या बोलीतले हे एकच क्रियापद. मग माझा आक्षेप कशाला?

आक्षेप त्याच्या पुढच्या प्रवासाला आहे. न्यूयॉर्कचे पॅलेस हे व्होडव्हिलचे सर्वोच्च व्यासपीठ १९१३ साली उघडले आणि १९३२ साली तिथे चित्रपट दाखवू लागले. तो धंदा संपला. धंदा संपला तरी त्याचे क्रियापद संपले नाही, ते विक्रीच्या दुकानात कामाला लागले. ग्राहकाला ‘वॉव’ करा, सादरीकरणात ‘वॉव फॅक्टर’ हवा, असे व्यवस्थापनाचे गुरू सांगू लागले. पादत्राणे विकणाऱ्या झॅपोस या अमेरिकन कंपनीच्या दहा मूल्यांतले पहिलेच मूल्य सेवेतून ‘वॉव’ देण्याचे आहे. इथे शब्दाची तिसरी कोलांटी झाली. प्रेक्षकाचा उद्गार कलावंताचे क्रियापद झाला होता, आता तो विक्रेत्याने वेष्टनात बांधून पोचवायची वस्तू झाला. उद्गार आधी ठरतो आणि मग तो ज्याच्या तोंडून काढायचा तो माणूस शोधला जातो.

हा लोभ या शब्दाने जन्माला घातला, असे मी म्हणत नाही. पॅरिसमध्ये १८२० साली भाडोत्री टाळीवाले पुरवणारी रीतसर कचेरी निघाली होती. तिच्याकडे हसणारे, रडणारे आणि ‘बिस’, म्हणजे पुन्हा एकदा, असे ओरडणारे वेगवेगळ्या कामाला नेमलेले लोक असत. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने हशाची पेटीच बनवली, जिची बटणे दाबली की रिकाम्या खोलीत हवा तेवढा हशा उसळे. पण लोभ जुना असला तरी त्याला उजळ माथ्याने मिरवायला भाषा लागते. भाडोत्री टाळीवाल्याला पॅरिसमध्येही लोक हसत. ‘वॉव फॅक्टर’ला कोणी हसत नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम ठेवतात.

आता आपल्या घरात पाहू. मराठीत प्रेक्षक ‘दाद’ देतो. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा तिथला अर्थ न्याय. म्हणूनच आपण न्यायालयात दाद मागतो आणि मैफिलीत दाद देतो, आणि हे दोन वेगळे शब्द आहेत असे आपल्याला वाटत नाही. या वाक्यात कर्ता श्रोता आहे. देणारा तो आहे, आणि न देण्याचा हक्कही त्याचाच आहे. ‘त्याने दाद दिली नाही’ हे मराठी वाक्य इंग्रजीतल्या त्या क्रियापदाने सांगताच येणार नाही, कारण तिथे अपयशही कलावंताच्याच नावावर जमा होते. ‘वाहवा’ही आपण देतो किंवा मिळवतो, कोणाला ‘वाहवत’ नाही. (‘वॉव’ आणि ‘वाहवा’ यांचे नाते जुळवण्याचा मोह अनेकांना होतो, नाते काही नाही, दोन्हीकडे माणसाचे तोंड आश्चर्याने सारखेच उघडते इतकेच.) मैफल रंगते, प्रयोग रंगतो, हशा पिकतो. ‘रंगणे’ अकर्मक आहे. त्यात कोणी कोणाला रंगवत नाही, गाणारा आणि ऐकणारा एकाच रंगात बुडतात. आणि ‘पिकणे’ तर शेतातले. पेरणारा पेरतो, पण पीक यायला जमीन लागते, पाऊस लागतो. हशाविषयी इतके समंजस क्रियापद दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल तर मला ते वाचायला आवडेल.

आपण सोवळे आहोत असे मात्र समजू नये. आपणही मैफल मारतो, फड जिंकतो, प्रेक्षक खिशात टाकतो. लावणीच्या प्रांतात घायाळ झालेल्यांची तर गणतीच नाही, आणि हल्ली कोणत्याही बऱ्या कामगिरीवर ‘जाळ अन् धूर’ निघतो. उसनवारीही जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटकाचा नवा संसार मांडला, त्या रंगभूमीवर प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ ही आरोळी इंग्रजीतून घेतली, जी खुद्द इंग्रज प्रेक्षक देत नाही. तो फ्रेंच ‘आँकोर’ ओरडतो, आणि फ्रेंच माणूस ‘आँकोर’ न ओरडता लॅटिन ‘बिस’ ओरडतो. आनंदाच्या भरात माणसाला शेजाऱ्याची भाषा आठवते, असे दिसते. पण ‘वन्स मोअर’ ही आज्ञा होती. बालगंधर्वांसारख्या नटालाही ती पाळावी लागे, आणि एकेका पदाला ती पुन्हा पुन्हा मिळत राहिली की नाटक पहाटेपर्यंत लांबे. त्या उसन्या शब्दात प्रेक्षक कर्ताच राहिला होता, म्हणून त्याने आपले काही बिघडवले नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार आहे. तो मला या वादात फार उपयोगी वाटतो. तिथे मानुषी सिद्धीची लक्षणे अगदी व्होडव्हिलच्या व्यवस्थापकाने लिहावीत तशी टिपलेली आहेत: प्रेक्षकांचे स्मित, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे. ‘अहो’ म्हणजे आपला ‘वॉव’च. फेटे उडवणाऱ्या तमाशाच्या प्रेक्षकाचाही तिथे मान राखलेला आहे. पण या सर्वांच्या वर भरताने दैवी सिद्धी ठेवली आहे, आणि तिचे लक्षण असे, की जिथे आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही आणि रंगमंडप भरलेला आहे. भरलेल्या सभागृहातली शांतता हे सर्वांत मोठे यश, असे ज्याने म्हटले त्याला गोंगाटाचा तिटकारा होता असे नव्हे, गोंगाटाची यादी त्यानेच केली आहे. त्याला दोन्ही मोजता येत होते.

‘वॉव’च्या व्याकरणाला दुसरे मोजता येत नाही, हा माझा खरा मुद्दा आहे. या व्याकरणात शांत प्रेक्षक म्हणजे न झालेले काम. बारा मिनिटांच्या विनोदी खेळाला ते माप ठीक होते. विनोदाला हशा आला नाही तर तो विनोद फसला, यात वाद नाही. पण तेच माप विलंबित ख्यालाला, संथ चालणाऱ्या नाटकाला, पहिल्या दहा मिनिटांत काहीही न घडणाऱ्या कथेला लावले की ती कला आपोआप नापास होते आणि तिचे कर्ते हळूहळू तिला मापात बसवू लागतात. तान आधी येते, आलाप आक्रसतो. नाटकात दर दोन मिनिटांनी टाळीचे वाक्य पेरले जाते. स्पर्धेतली आठ वर्षांची मुलगी सूर लागण्याच्या आधी हात वर करायला शिकते. यावर कोणी म्हणेल की लोकांना जे आवडते ते द्यायचे नाही, तर काय द्यायचे? प्रश्न रास्त आहे, आणि मूठभर जाणकारांच्या मौनापेक्षा हजारोंची शिट्टी मला कमी दर्जाची वाटत नाही. पण शिट्टी वाजवणाऱ्याला ती वाजवण्याचे स्वातंत्र्य हवे असेल, तर न वाजवण्याचेही हवे. त्याच्या शिट्टीला किंमत येते ती त्यामुळेच.

काही वर्षांपूर्वी गाण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसण्याचा योग आला. वाहिनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, रीत सगळीकडची तीच असावी. पहिला स्पर्धक मंचावर येण्यापूर्वी अर्धा तास आमच्याकडून टाळ्या, उभे राहून टाळ्या आणि थक्क झालेले चेहरे असे सगळे चित्रित करून घेण्यात आले. एक तरुण सहायक ‘आता वॉवचे एक्स्प्रेशन द्या’ असे सांगत रांगांमधून फिरत होता, आणि आम्ही ते मुकाट्याने देत होतो. पुढे गाणी सुरू झाली. एका मुलाने मारव्यावरचे एक पद फार चांगले म्हटले. माझ्या शेजारी बसलेले सत्तरीचे गृहस्थ मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. सहायक वाकून रांगेत आला आणि त्यांच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाला, “काका, जरा डोळे उघडे ठेवा, कॅमेरा तुमच्यावर आहे.”